फुटपाथची तारीख

१९८१ च्या जुलैत मुख्यमंत्री अंतुल्यांचं फर्मान निघालं : फुटपाथवाले उचला, गावी धाडा. भर पावसात झोपड्या मोडल्या, माणसं बसमध्ये कोंबली. माझा आजा तेव्हा फुटपाथवर, गोदीत हमाल. गाव पाबळ. तिथं काय होतं? गावकुसाबाहेरचं खोपट नि दुसऱ्याचं शिवार!

१९८५ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, पोटापाण्याचा हक्क हा जगण्याचाच हक्क. वा! पण पर्यायी जागा १९७६ च्या गणतीत नाव असलेल्यांनाच. गणतीवाले आले तेव्हा आजा पाळीवर होता. खलास.

आता झोपडीच्या बदल्यात फुकट घर हवं तर १ जानेवारी २००० आधीचा पुरावा दाखवा. साल्यांनो, आम्हांला सलग राहू कोण देतं? तोडकामात आईची पेटी गाडीत गेली. रेशनकार्ड पेटीत. नि टेबलामागचा साहेब विचारतो, कार्ड कुठंय?