भूमिकेचा खर्च कोणी सोसायचा?

नटाने भूमिकेत शिरावे ही अपेक्षा नवी नाही. पण चित्रीकरण थांबल्यावरही नट भूमिकेतून बाहेर यायला तयार नसेल, तर त्याचा भार कोण उचलतो, हा प्रश्न आपले कलासमीक्षक सहसा विचारीत नाहीत. ख्रिस स्मिथ यांचा २०१७ सालचा 'जिम अँड अँडी' हा अनुबोधपट पाहताना तो टाळता येत नाही.

अँडी कॉफमन हा अवलिया अमेरिकी विनोदी कलावंत १९८४ साली वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कर्करोगाने गेला. त्याच्या जीवनावर मिलोश फोरमन यांनी केलेला 'मॅन ऑन द मून' १९९९ साली पडद्यावर आला. त्यात कॉफमनची भूमिका करणारा जिम कॅरी सेटवर कॅरी म्हणून वावरलाच नाही. तो अँडी असे, नाही तर कॉफमनने निर्माण केलेला टोनी क्लिफ्टन हा उर्मट, शिवराळ गायक असे. प्रत्यक्ष दिग्दर्शकालाही त्याच्याशी त्याच नात्याने बोलावे लागे. जेरी लॉलर हा मल्ल चित्रपटात स्वतःचीच भूमिका करीत होता; त्याला कॅरीने सतत डिवचले. गंमत अशी, की खऱ्या कॉफमनचे आणि लॉलरचे वैर लटके होते, दोघांनी मिळून रचलेले. मग ही निष्ठा मूळ माणसाशी तरी होती काय?

उत्पादनाचा काही खर्च परभारे दुसऱ्यावर ढकलला, तर तो उत्पादकाच्या हिशेबात दिसत नाही, हे अर्थशास्त्र शिकणाऱ्यास पहिल्या वर्षीच कळते. कारखान्याचा धूर हे त्याचे नेहमीचे उदाहरण. सेटवर रंगभूषाकार, दिवे सांभाळणारे, साहाय्यक, वाहनचालक असे अनेक जण रोजीवर राबत असतात. क्लिफ्टनची अरेरावी सोसण्याची वेगळी मजुरी कोणाला मिळते? 'आज मी निराळ्याच पात्रात आहे' असे सांगून त्यांच्यापैकी एखाद्याने दिवे उचलण्याचे नाकारले असते, तर संध्याकाळपर्यंत तो कामावर राहिला नसता. कॅरीला १९९६ सालच्या 'द केबल गाय'साठी दोन कोटी डॉलर मिळाले होते. अशा नटाला दुखावणे कोणत्या निर्मात्याला परवडते? साधना खरी असेल. ती करण्याची मोकळीक मात्र सौदाशक्तीतून आलेली आहे.

कॅरी ढोंगी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. कॉफमनच्या कुटुंबीयांना त्याच्यात आपला गेलेला माणूस क्षणभर भेटला, आणि त्याचा अभिनय उत्तम होता. त्याला त्यासाठी गोल्डन ग्लोब पारितोषिकही मिळाले. (नटाने पात्र दाखवावे, पात्र होऊन बसू नये, असे सांगणाऱ्या ब्रेश्टच्या वळणाचे नटही काही कमी प्रतीचे नव्हते, हे जाता जाता.)

पडद्यामागचे हे चित्रण त्याच वेळी झाले होते. ते जवळजवळ दोन दशके दडून राहिले. कारण कॅरीच सांगतो: ताऱ्याविषयी लोकांचे मत बिघडेल, ही युनिव्हर्सल कंपनीची भीती. शेवटी ते बाहेर आले, तेव्हा दीड तासाच्या या पटात आज बोलणारा माणूस एकच, कॅरी. 'मी' म्हणजे कोण, यावर तो मनसोक्त चिंतन करतो. त्या दिवसांत सेटवर राबलेल्या एकाही कामगाराला, तेव्हा तुमचे काय झाले, असे विचारलेले नाही. जुन्या चित्रणाच्या कडेला ते अधूनमधून कसनुसे हसताना दिसतात, एवढेच.