विजयाची माता की शांतीची?

दर बुधवारी पहाटेपासून रात्रीपर्यंत माहीमच्या सेंट मायकल चर्चकडे माणसांचा जो ओघ लागतो, त्यात केवळ कॅथलिक समाजाची माणसे असती, तर त्याविषयी येथे लिहिण्याचे फारसे प्रयोजन नव्हते. परंतु १९४८ सालापासून चालत आलेल्या या नोव्हेनाला दादर, परळ, लालबाग येथील चाळींतून मराठी हिंदू स्त्रीपुरुषही मोठ्या संख्येने जातात. कोणाच्या मुलाची परीक्षा असते, कोणाच्या घरी आजारपण असते, कोणाची नोकरी गेलेली असते. सिद्धिविनायकाच्या मंगळवाराइतकाच माहीमचा बुधवार या भागाच्या अंगवळणी पडला आहे. बांद्र्याच्या टेकडीवरील मरियेला तर आमच्या कोळी बांधवांनी 'मोतमाउली' असे नाव देऊन टाकले. ज्ञानेश्वरांना आणि विठ्ठलाला ज्या शब्दाने हाक मारायची, त्याच शब्दाने या परदेशातून आलेल्या मातेलाही हाक मारावी, यात मराठी मनाचा जो उदारपणा दिसतो, त्याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

परंतु घरच्या अडचणीसाठी आईपुढे हात जोडणे निराळे आणि युद्धाच्या दिवसांत तिच्यापुढे उभे राहणे निराळे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगाम येथे सव्वीस निरपराध माणसांची हत्या झाली आणि ७ ते १० मे या चार दिवसांत भारत आणि पाकिस्तान पुन्हा एकदा शस्त्रे घेऊन समोरासमोर आले. मुंबईतही सरावाचे भोंगे वाजले. १९६५ आणि १९७१ चा अंधारपट ज्यांनी पाहिला, खिडक्यांच्या काचांना ज्यांनी काळे कागद चिकटवले, त्या गिरगाव-दादरच्या वृद्धांना ते दिवस आठवल्याखेरीज राहिले नसतील. मे हा कॅथलिक परंपरेत मरियेचा महिना. वाड्यावाड्यांतील क्रुसांपुढे याच महिन्यात संध्याकाळी लदीन म्हटली जाते. अशा वेळी त्या क्रुसापुढे, किंवा आपापल्या देवघरात, माणसाने नेमके काय मागावे? शत्रूचा नायनाट, आपला विजय, की युद्धाचा शेवट? हा प्रश्न कॅथलिकांपुरता मर्यादित नाही. मात्र मरियेच्या भक्तीचा इतिहास पाहिला, तर तो विलक्षण स्पष्टपणे समोर येतो.

या भक्तीवर युद्धाची छाया फार जुनी आहे. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांटोच्या सागरी लढाईत ख्रिस्ती राष्ट्रांच्या संयुक्त आरमाराने तुर्कांचा पराभव केला. त्या वेळी पोप पाचवे पायस यांनी जपमाळेच्या प्रार्थनेचे आवाहन केले होते. विजयाचे श्रेय मरियेला देण्यात आले आणि त्या दिवशी 'विजयाच्या माते'चा सण सुरू झाला. आज तोच दिवस 'जपमाळेची माता' या नावाने पाळला जातो. विजयाच्या मातेचे नाव धारण करणारे चर्च माहीमलाही आहे. 'व्हिक्टोरिया' असे त्याचे नाव ऐकून अनेकांना इंग्लंडची राणी आठवते. पण त्या नावामागे राणी नसून रणांगण आहे.

लेपांटो दूरचे झाले. वसई तर आपल्या दाराशी आहे. उत्तर कोकणात पोर्तुगीजांनी धर्माच्या नावाने जे अत्याचार केले, देवळे पाडली, लोकांना आपल्या चालीरीती पाळणे अशक्य केले, त्याची परिणती अखेर १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत झाली. चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला की, वसई हाती आली तर तुझे मंदिर बांधीन. तटाच्या आत 'नोस्सा सेन्योरा' म्हणून मरियेचा धावा चालू असणार, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही. एकाच तटाच्या दोन बाजूंना दोन मातांची आळवणी चालली होती. त्याच धुमाळीत बांद्र्याच्या टेकडीवरचे देऊळ उद्ध्वस्त झाले. तेथील मरियेची मूर्ती खाडी ओलांडून इंग्रजांच्या हद्दीतील माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये ठेवण्यात आली आणि सुमारे दोन दशके ती तेथेच होती, असे सांगतात. म्हणजे आज ज्या चर्चमध्ये आपण नवस बोलायला जातो, तेथे एके काळी खुद्द मोतमाउलीच निर्वासित म्हणून राहिली होती.

वसई मे १७३९ मध्ये पडली. हजारो मराठे कामी आले होते. तरीही शरण आलेल्यांना सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले. नवस फेडण्यात आला आणि वज्रेश्वरीचे मंदिर उभे राहिले. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून महाराष्ट्रभर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. 'नारोशंकराची घंटा' आपल्या बोलण्यात आली ती नाशिकच्या अशाच एका घंटेमुळे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर जी घंटा आहे, तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृतीही आहे. विजेत्यांनी ती आकृती घासून काढली नाही. लूट म्हणून आलेली वस्तू पूजेत रुजू झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या कृष्णाकाठच्या माणसांनी मरियेची प्रतिमा असलेली घंटा वाजवून महादेवाचे दर्शन घेतले. लढाईत दोन मातांना परस्परांविरुद्ध उभे करणाऱ्या माणसांनीच पुढे नकळत त्यांना एका छपराखाली आणले. या घटनेवरून कोणी सर्वधर्मसमभावाचे प्रवचन करावे असे आम्हाला वाटत नाही, कारण घंटा अखेर जिंकून आणलेली होती. पण देव कोणाच्या बाजूने लढला हा प्रश्न दीडदोनशे वर्षांनी किती अर्थहीन होतो, एवढे मात्र तिच्यावरून कळते.

मरियेच्या भक्तीला खरे वळण मिळाले ते पहिल्या महायुद्धात. त्या युद्धात कॅथलिक फ्रान्स आणि इटली एका बाजूला, तर कॅथलिक ऑस्ट्रिया आणि जर्मनीतील लक्षावधी कॅथलिक दुसऱ्या बाजूला होते. दोन्हीकडच्या खंदकांत तीच जपमाळ होती आणि तीच प्रार्थना होती. विजयाची माता आता कोणाला विजय देणार? पोप पंधरावे बेनेडिक्ट यांच्यापुढे हा पेच उभा राहिला. मे १९१७ मध्ये त्यांनी मरियेच्या नामावलीत 'शांतीची राणी' या नावाची भर घातली. त्याच महिन्याच्या १३ तारखेला पोर्तुगालमधील फातिमा या खेड्यातील तीन गुराखी मुलांनी आपल्याला मरियेचे दर्शन झाल्याचे सांगितले. युद्ध संपावे म्हणून रोज जपमाळ म्हणा, असा तो संदेश होता. दर्शनावर विश्वास ठेवणे न ठेवणे ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. परंतु ज्या देशाची तरुण मुले फ्रान्सच्या चिखलात मरत होती, त्या देशातील अशिक्षित मुलांच्या तोंडी विजयाची नव्हे, तर युद्ध संपण्याची भाषा यावी, हे सामाजिक सत्य म्हणूनही मोलाचे आहे.

अर्थात नाव बदलले म्हणून माणसे बदलत नाहीत. पुढे सालाझारच्या हुकूमशाहीने फातिमाच्या भक्तीला आपल्या राजवटीच्या समर्थनासाठी जवळ केले. ३१ ऑक्टोबर १९४२ रोजी पोप बारावे पायस यांनी सारे जग मरियेच्या निष्कलंक हृदयाला अर्पण केले; परंतु त्याच काळात युरोपात ज्यूंचा संहार चालू असताना त्यांनी पुरेशा स्पष्ट शब्दांत निषेध केला काय, याविषयीचा वाद अजून मिटलेला नाही. प्रार्थना ही मौनाची सबब होऊ शकते, हा धडा त्यातून घ्यावा लागतो. जी प्रार्थना बोलण्याचे कर्तव्य टाळण्यासाठी केली जाते, ती प्रार्थना नव्हेच.

हे भान पुढे आले, आणि त्याची एक महत्त्वाची खूण आपल्या मुंबईत आहे. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक काँग्रेससाठी येथे आले. ओव्हल मैदानावर लोटलेल्या गर्दीच्या आठवणी अनेक घरांत सांगितल्या जातात. त्यांनी आपली मोटार मदर तेरेसा यांना देऊन टाकल्याची गोष्टही सर्वांना ठाऊक असते. पण त्यांनी येथे पत्रकारांपुढे केलेले आवाहन मात्र विस्मरणात गेले. राष्ट्रांनी शस्त्रस्पर्धा थांबवावी आणि त्यातून वाचणारा पैसा गरीब देशांच्या उत्थानासाठी द्यावा, असे ते आवाहन होते. याच पोपनी १९६५ च्या मे महिन्यासाठी आणि १९६६ च्या ऑक्टोबरसाठी दोन स्वतंत्र परिपत्रके काढून जगातील शांततेकरिता मरियेची प्रार्थना करण्यास सांगितले. व्हिएतनाममध्ये तेव्हा युद्धाचा वणवा पेटला होता. प्रार्थनेबरोबर त्यांनी राज्यकर्त्यांना वाटाघाटी सुरू करण्याचेही बजावले. जपमाळ आणि वाटाघाटी यांची अशी सांगड घातली गेली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आजच्या काळातही जुना पेच सुटलेला नाही. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरील आक्रमणानंतर थोड्याच दिवसांत, मॉस्कोच्या धर्मप्रमुखांनी रशियाच्या एका सेनाधिकाऱ्याला देवमातेची प्रतिमा भेट दिली आणि तिच्यामुळे विजय लवकर मिळेल अशी आशा त्या अधिकाऱ्याने व्यक्त केली. इकडे कीव्हच्या सेंट सोफिया चर्चमध्ये हात उंचावून प्रार्थना करणारी अकराव्या शतकातील मरियेची भव्य प्रतिमा आहे; युक्रेनचे लोक तिला आपली अभेद्य भिंत मानतात. वसईच्या तटाच्या दोन बाजू येथे पुन्हा दिसतात, फरक इतकाच की, या वेळी दोन्हीकडे माताही एकच आहे. त्याच महिन्याच्या २५ तारखेला पोप फ्रान्सिस यांनी रशिया आणि युक्रेन या दोन्ही देशांची नावे एकाच प्रार्थनेत घेऊन त्यांना मरियेच्या हाती सोपवले. आक्रमक आणि आक्रांत यांना एका वाक्यात बसवल्याबद्दल काहींनी नाराजी दाखवली. पण आक्रमण कोणी केले हे विसरणे वेगळे आणि दोन्हीकडच्या मेलेल्या मुलांसाठी शोक करणे वेगळे.

विवेकवादी वाचक येथे विचारील की, मेणबत्तीने तोफगोळा अडतो काय? आगरकरांच्या महाराष्ट्रात हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. त्याचे उत्तर सरळ आहे: अडत नाही. लेपांटोला गलबते जिंकली, वसईला सुरुंग आणि मराठ्यांचे शौर्य जिंकले. विजयाचे श्रेय प्रार्थनेला द्यायचे, तर पराभवाचा आणि संहाराचा दोषही तिच्याच माथी मारावा लागेल. प्रार्थनेचा परिणाम झालाच तर तो प्रार्थना करणाऱ्यावर होतो आणि त्याच्या हातून पुढे काय घडते यावरूनच तो मोजावा लागतो. बेनेडिक्ट यांनी नामावलीत एक नाव घातले तसेच युद्धकैद्यांचा ठावठिकाणा त्यांच्या घरच्यांना कळवणारे कार्यालयही उभे केले. फ्रान्सिस यांनी प्रार्थना केली आणि २०२३ मध्ये आपला दूत कीव्ह व मॉस्कोला धाडून युक्रेनची नेलेली मुले परत मिळावीत म्हणून खटपटही केली. गाझामधील एकमेव कॅथलिक चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांना ते आजारपणातही दूरध्वनी करीत. ही कामे युद्ध थांबवू शकली नाहीत. काही माणसे मात्र त्यांनी वाचवली, काही आयांना मुलांची वार्ता दिली.

आपल्या देशावर हल्ला झाला तर प्रतिकार करण्याचा अधिकार आपल्याला आहे, याविषयी दुमत नाही. पहलगामच्या मृतांत महाराष्ट्राचीही माणसे होती आणि त्यांच्या घरच्यांना कोणी क्षमेचे धडे देऊ नयेत. संरक्षण कसे करावे हे सरकारने आणि सेनेने ठरवायचे. ते काम चर्चचे नाही आणि देवळाचेही नाही. परंतु लढणे आणि द्वेषात रमणे यांत अंतर आहे. सीमेवर जवान पहारा देत असताना येथे सुरक्षित घरांत बसून सबंध शेजारी देश भस्म व्हावा अशी इच्छा करणे, शाळकरी मुलांच्या तोंडी तशी वाक्ये घालणे, यात शौर्य कसले? ११ मे २०२५ रोजी, निवडीनंतर तीनच दिवसांनी, पोप चौदावे लिओ यांनी दुपारच्या मरियेच्या प्रार्थनेच्या वेळी भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीचे स्वागत केले. रोमच्या त्या चौकात आपले नाव शांततेच्या संदर्भात उच्चारले गेले, याचे आपल्याला समाधान वाटायला हवे.

मरिया ही कोण? राज्यसत्तेने देहदंड दिलेल्या मुलाची आई. क्रुसाच्या पायथ्याशी ती उभी राहिली, त्या वेळी तिच्या बाजूला ना सेना होती, ना विजय. मुलगा गमावलेली बाई म्हणूनच ती जगातल्या इतक्या स्त्रियांना आपली वाटते. परळच्या चाळीतली, जन्मात चर्चची पायरी न चढलेली सासूही सुनेबरोबर बुधवारी माहीमला जाते, ती याच नात्याने. अशा आईपुढे उभे राहून दुसऱ्या आईच्या मुलाचा मृत्यू मागायचा असेल, तर निदान आपण काय मागतो आहोत हे मोठ्याने म्हणून पाहावे. स्वतःच्या कानांना ते ऐकवले नाही, तर ती प्रार्थना तेथेच थांबवावी. आपल्या जवानांसाठी जरूर मागावे, मनापासून मागावे. आणि त्यानंतर पलीकडच्या खेड्यातल्या, आपल्या मुलाची वाट पाहणाऱ्या स्त्रीसाठीही दोन शब्द जोडावेत. ते शब्द जोडताना जड जाते, हे खरे. वज्रेश्वरीपुढे असो की माहीमच्या वेदीपुढे, युद्धकाळातील प्रार्थनेची कसोटी तेवढीच आहे.