येळवस वर्षातून एकदाच का?

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर शहर ओस पडतं. सगळे शेतात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे, आंबिल. नांदेडच्या काही भागांतही हीच धूम. संध्याकाळी प्रत्येकाच्या स्टेटसला 'आपली माती, आपली माणसं'.

मला या स्टेटसचा राग येतो. कारण दुसऱ्या दिवशी आपल्या ताटात गव्हाची पोळी आणि रिफाइंड तेल परत येतं. ज्या ज्वारीच्या कडब्याची कोप केली, ती ज्वारी दरवर्षी आणखी मागे हटतेय. तिच्या कडेने दिसणारी करडई तर शोधावी लागते.

12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. शहर घागरी घेऊन रांगेत उभं होतं, आणि हा जिल्हा उसाचा. रब्बीची ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर पिकते. ऊस वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ पाणी पितो.

लगेच शेतकऱ्याला शहाणपण शिकवू नका. उसाला कायद्याने ठरलेली एफआरपी आहे, तोडणीला कारखान्याची टोळी येते. ज्वारीची पाखरं स्वतः राखायची, काढणीला मजूर शोधायचे. हमीभाव जाहीर होतो, पण आडतीवर त्या भावाने घेणारा भेटेलच असं नाही. ज्याला गिऱ्हाईक आहे तेच तो पेरणार. म्हणजे प्रश्न शेतकऱ्याच्या अकलेचा नाही, आपल्या खरेदीचा आहे.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्याची पोस्टरं लागली, आणि पुण्यात ज्वारीचे कुकीज चकचकीत पाकिटात महाग झाले. त्याने मराठवाड्यातलं एक रानही वाचत नाही. वाचवायचं तर पाच घरांनी मिळून सुगीतच ओळखीच्या शेतकऱ्याकडून सालाची ज्वारी घ्या. घाण्यावरचं करडईचं तेल मागा. 2024 मध्ये बोरसुरीची तूरडाळ, कास्ती कोथिंबीर आणि पानचिंचोलीची चिंच यांना भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात त्यांचं नाव घेऊन विचारा. मोझांबिकची तूर आयात होते आणि आपल्याच जिल्ह्यातली डाळ आपल्याला नावाने माहीत नसते, ही लाजच आहे.

'भाकरी थापायला वेळ कुणाला आहे?' हा प्रश्न खरा आहे. आजवर तो वेळ फुकटात आई-आजीने दिला. म्हणून भाकरी विकणाऱ्या बायांना नीट पैसे द्या, आणि पोरांनो, स्वतः थापायला शिका.

पण खरी ताकद घराबाहेर आहे. नांदेड आणि लातूर ही क्लासेसची शहरं. हजारो पोरं रोज दोन वेळा मेसमध्ये जेवतात. माझी इंजिनिअरिंगची चार वर्षं अशाच एका मेसमध्ये गेली. तिथे मैद्याची रोटी रोज, भाकरी मात्र 'स्पेशल' म्हणून जादा पैशांत. आठवड्यातून तीन दिवस भाकरी द्या, एवढी एकच मागणी सगळ्या मेसमधून उठली, तर आडतीवर ज्वारीला कायमचं गिऱ्हाईक उभं राहील. सरकारी वसतिगृहांनीही हेच करावं.

महिन्याचे पैसे तुम्ही भरता. पुढचा हप्ता देताना मेसवाल्या काकांना विचारा: भाकरी कधीपासून?