मुदत कागदावर, वायू हवेत

दिल्लीच्या उन्हाळ्यात खोली गार करणारी यंत्रे पृथ्वी तापवण्यास हातभार लावतात. त्यांतील हायड्रोफ्लुरोकार्बन वायू आवरण्यासाठी २०१६ मध्ये किगाली येथे करार-दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. त्यानुसार या वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे.

पर्यायांची वानवा नाही. आर-४१०ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट तापदायक, आर-३२ पावणेसातशे पट, तर प्रोपेनचा परिणाम नगण्य. वातानुकूलन यंत्र असो वा हीट पंप, प्रोपेन दोन्हींत चालतो; मात्र तो ज्वालाग्राही आहे. म्हणूनच खरा प्रश्न कारखान्याचा नसून दुरुस्ती करणाऱ्याच्या कौशल्याचा आहे. २०१९ च्या शीतलन कृती आराखड्याने २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले, ते याच जाणिवेतून.

किगालीची मर्यादा उत्पादन आणि आयात मोजते. दुरुस्तीच्या वेळी हवेत सोडलेला वायू मोजत नाही. जुना वायू काढून साठवण्याची सक्ती आणि प्रशिक्षित हातांची हमी नसेल, तर दिल्लीत आखलेल्या मुदती गल्लीतील दुरुस्तीच्या दुकानापर्यंत पोहोचणार नाहीत.