तार दिसणार नाही, हे धरूनच उडायला शिकवा

न्यूझीलंडमधल्या कँटरबरीच्या मैदानावर दोन-अडीच हजार फुटांवर छोटं सेसना संथ चाललेलं असतं. प्रशिक्षक काही न बोलता थ्रॉटल मागे ओढतो. इंजिन बंद पडलं असं समजायचं आणि उतरण्याजोगं शेत शोधायचं, हा सराव. शिकाऊ वैमानिक वाऱ्याची दिशा बघतो, वेग सांभाळतो, एक हिरवं कुरण हेरतो. कुरणाला वाऱ्याच्या आडोशासाठी लावलेल्या पाईनच्या उंच झाडांची रांग आहे, एका कडेला रस्ता आहे. रस्त्याकडेला खांब असणार, खांबांवर तारा असणार, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं असतं. पण रस्त्यावरून फुटून आतल्या घराकडे किंवा गोठ्याकडे गेलेली एकटी तार त्याच्या हिशेबात नसते. वरून बघताना ती गवतात विरघळून जाते.

सत्तर नॉटच्या वेगाने विमान सेकंदाला ३६ मीटर पुढे सरकतं. म्हणजे तार शंभर मीटरवर दिसली, तरी हाताशी तीन सेकंदही उरत नाहीत. तेवढ्यात ती तार आहे हे कळायचं, वर जायचं की खाली ते ठरवायचं, हात हलायचे आणि विमानाने ते ऐकायचं.

विमान तारेला धडकलं, की अशा अपघातानंतर लोक पहिला प्रश्न विचारतात: ‘समोरचं दिसलं कसं नाही?’ या प्रश्नात वैमानिकाची चूक आधीच ठरवून टाकलेली असते. न्यूझीलंडच्या हवाई इतिहासाकडे बघितलं, तर नजरेवर भिस्त ठेवणारी सुरक्षा किती तकलादू आहे ते पुन्हापुन्हा दिसतं. डोंगराळ भूमी, झपाट्याने बदलणारं हवामान, शेतांवर खूप खालून खत फवारणारी विमानं आणि गावोगावचे फ्लाइंग क्लब असलेल्या या देशाने त्याची किंमत अनेकदा मोजली आहे.

सर्वांत मोठी किंमत २८ नोव्हेंबर १९७९ रोजी. एअर न्यूझीलंडचं डीसी-१० अंटार्क्टिकातल्या माउंट एरेबसवर आदळलं आणि २५७ माणसं गेली. ते काही प्रशिक्षणाचं विमान नव्हतं आणि वैमानिकही नवखे नव्हते. मार्गाचे आकडे आदल्या रात्री बदलले गेले होते आणि ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यात वर ढगांचं पांढरं छत, खाली पांढरा बर्फ. अशा उजेडात चढ सपाट भासतो. जवळजवळ ३,८०० मीटर उंचीचा पर्वत स्वच्छ हवेत समोर उभा होता आणि तो दिसला नाही. पहिल्या अधिकृत अहवालाने कॅप्टनच्या निर्णयावर बोट ठेवलं. १९८१ मध्ये न्यायमूर्ती पीटर महॉन यांच्या चौकशी आयोगाने वैमानिकांना दोषमुक्त केलं आणि मुख्य दोष कंपनीच्या कारभाराकडे वळवला. सरकारने मृतांच्या नातलगांची जाहीर माफी मागायला २०१९ साल उजाडलं. जिथे एवढा पर्वत दिसत नाही, तिथे तारेचा जाब एकट्या वैमानिकाच्या डोळ्यांना विचारणं अन्यायाचं आहे.

आता छोट्या विमानांकडे येऊ. फेब्रुवारी २००८ मध्ये वेलिंग्टनच्या उत्तरेला पारापाराउमू इथे सेसना १५२ आणि रॉबिन्सन आर-२२ हेलिकॉप्टर हवेत धडकली. तिघांचा जीव गेला. जुलै २०१० मध्ये फील्डिंगजवळ दोन सेसना १५२ धडकली. एकातले प्रशिक्षक आणि विद्यार्थी दगावले. दुसरं विमान एकट्याने उडवणाऱ्या विद्यार्थ्याने ते सुखरूप उतरवलं. या घटनांत अडथळा म्हणजे दुसरं विमान. इथे डोळ्याची एक जुनी खोड आड येते. जे विमान नेमकं आपल्या अंगावर येत असतं, ते काचेत सरकत नाही. एकाच जागी ठिपक्यासारखं थांबतं आणि अगदी शेवटच्या क्षणी एकदम मोठं होतं. डोळा मात्र हलणाऱ्या वस्तूकडे ओढला जातो. त्यात सेसनाचा पंख डोक्यावर असल्याने वळताना वळणाच्या दिशेचं आकाशच झाकलं जातं. ‘बघा आणि टाळा’ हा नियम आवश्यक आहे, पण तो शेवटचा बचाव आहे. त्याला पहिला बचाव समजणं ही प्रशिक्षण देणाऱ्यांची चूक म्हटली पाहिजे.

न्यूझीलंडमधल्याच कार्टरटनची घटना तर अभ्यासक्रमात सक्तीने असावी. ७ जानेवारी २०१२ च्या सकाळी गरम हवेचा फुगा ३३ हजार व्होल्टच्या तारांत अडकला, पेटला आणि कोसळला. अकराच्या अकरा जण गेले. चालकाच्या शरीरात गांजाचे अंश सापडले. त्यावर भरपूर लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. पण चौकशी अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती मागे पडली. फुगा तारांच्या पातळीच्या खाली आला होता. धडक अटळ दिसल्यावर चालकाने वर चढायचा प्रयत्न केला. अशा वेळी हवा सोडून झटकन खाली यायचं असतं. जमिनीवर जोरात आपटल्याने हाडं मोडतील, पण तारेत अडकलं की वाचणं कठीण. वर जाऊन सुटका करून घ्यावी, ही माणसाची उपजत ओढ आहे. ती मोडायची तर सरावाने आधीच मोडलेली हवी. ते काम ऐनवेळी होत नाही.

न्यूझीलंडचे नियम कागदावर चांगले आहेत. वस्तीबाहेर साधारणपणे ५०० फुटांच्या खाली जायचं नाही. खालून उडण्याच्या सरावासाठी नकाशावर वेगळी क्षेत्रं आखलेली आहेत आणि तिथे शिरण्याआधी ते क्षेत्र वापरणाऱ्या संस्थेकडून माहिती घ्यावी लागते. अडचण इतर दोन ठिकाणी आहे. उंच बांधकामाची सूचना हवाई प्राधिकरणाला देण्याची सर्वसाधारण मर्यादा ६० मीटर आहे. शेतातली तार तिच्या कितीतरी खाली असते, त्यामुळे बहुतेक तारा वैमानिकाच्या नकाशावर येतच नाहीत. दुसरी अडचण मोहाची. पाचशे फुटांवर सराव थांबवून पुन्हा वर जायचं असतं. पण ‘शेत खरंच गाठलं असतं का, जरा बघू’ असं म्हणत आणखी शंभर-दोनशे फूट उतरलं जातं. त्या क्षणी ‘नाही’ म्हणणं प्रशिक्षकाचं काम आहे, कारण शेजारचा विद्यार्थी त्याला अडवणार नाही.

हे सगळं आपल्यापासून दूरचं वाटत असेल, तर वैनगंगा आठवावी. एप्रिल २०१७ मध्ये गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून निघालेलं प्रशिक्षण विमान बालाघाटच्या सीमेवर नदीवर आडव्या टाकलेल्या दोराला धडकून पाण्यात कोसळलं. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले. जानेवारी २०२३ मध्ये मध्य प्रदेशात रीवाजवळ दाट धुक्यात प्रशिक्षण विमान देवळाच्या शिखराला आणि तारांना धडकलं. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला, विद्यार्थी जखमी झाला. नदीवरचा दोर आणि देवळाचं शिखर काही रातोरात उगवलेलं नव्हतं. गावातल्या पोरासोरांनाही ते ठाऊक होतं. ही माहिती विमानाच्या आसनापर्यंत का पोहोचत नाही, याचं उत्तर सरकारी यंत्रणेने आणि उड्डाण संस्थांनी द्यायला हवं.

उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रशिक्षण विमानतळाभोवतीची आणि सरावक्षेत्रातली प्रत्येक आडवी तार, मग ती कितीही खाली असो, नकाशावर घ्यावी आणि तिच्यावर ठळक रंगाचे गोळे लावावेत. खर्च तारेच्या मालकाने आणि उड्डाण संस्थेने वाटून घ्यावा. तार ओलांडायची झाली तर खांबावरून ओलांडायची, कारण खांब दिसतो. ही सवय पहिल्या दहा तासांतच अंगात भिनली पाहिजे. आणि मुलाला किंवा मुलीला हॅमिल्टनला, पामर्स्टन नॉर्थला वा बारामतीला वैमानिक व्हायला पाठवणाऱ्या पालकांनी फी आणि उड्डाणाचे तास यांच्या जोडीला संस्थेला आणखी दोन प्रश्न विचारावेत: सराव किती उंचीवर थांबवता, आणि सरावाच्या शेतांवरून कोणत्या तारा जातात त्याची यादी दाखवाल का? यादी दाखवता आली नाही, तर प्रवेश दुसरीकडे घ्यावा.