साडेबाराला परत

तर झालं असं की गेल्या रविवारी भाच्याचा फोन आला. "मामा, ऑक्टोबरात देवकुंडला जायचंय. आई-बाबा पण येणारेत. प्लॅन पाठवतो, जरा बघ ना."

पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर यादी येऊन थडकली. पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तेव्हा यादी अगदी शिस्तशीर. कोण कोणाच्या गाडीत, ठेपले कोणाकडे, भेळेचं सामान कोणाकडे, पॉवर बँक, मोबाईल भिजू नये म्हणून पिशवी, फोटोसाठी ट्रायपॉड. निघायची वेळ पहाटे ५, धबधब्यावर पोचायची वेळ ११. आणि शेवटी एकच ओळ : 'संध्याकाळी घरी.'

मी यादी दोनदा वाचली. सगळं होतं, पण जंगलातून मागे कधी फिरायचं ते कुठेच नव्हतं. आज त्याबद्दलच लिहायचंय. ताई आणि भावोजी हे वाचतातच, म्हणजे फोनवरचा अर्धा वाद इथेच मिटेल :)

देवकुंड माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट उतरून खाली आलं की पाटणूसजवळ भिरा गाव लागतं, रायगड जिल्ह्यात. गावातून धबधब्यापर्यंत साधारण सहा किलोमीटर चालायचं, म्हणजे जाऊन-येऊन बारा. आधी धरणाच्या पाण्याकडेने सपाट वाट, मग दाट झाडी, दोन-तीन ओढे आणि शेवटी मोठमोठ्या दगडांतली चढण. दम निघेल असा चढ फारसा नाही. रोज तासभर चालणाऱ्या माणसाला सहज जमावं. आणि नेमकं तिथेच फसायला होतं. किल्ला चढताना माणूस आपोआप सावध असतो, इथे सहलीला आल्यासारखा असतो.

मीही तसाच गेलो होतो. सप्टेंबर २०१६, ऑफिसातले आम्ही सहाजण आणि गावातला एक वाटाड्या. सकाळी मोठा ओढा ओलांडला तेव्हा पाणी घोट्याच्या वर थोडंसं. कोणी बूटही काढले नाहीत. धबधबा बघितला आणि खरं सांगतो, बोलणं बंद झालं. तीन बाजूंनी उंच काळा कडा, मधे हिरवट निळं कुंड आणि त्यात कोसळणारं पाणी. बाराला पोचलो होतो, अडीच वाजून गेले तरी कोणी उठायला तयार नाही. वाटाड्या दोनदा म्हणाला, "निघू या का?" आम्ही दोनदा म्हणालो, "दहा मिनिटं दादा."

परतताना ओढ्यापाशी आलो आणि थबकलो. पाणी मांडीपर्यंत, चहासारखं लाल, वरून काटक्या आणि पानं वाहत येतायत. गंमत म्हणजे आमच्या डोक्यावर थेंबही पडलेला नव्हता. पाऊस वर घाटमाथ्यावर झाला होता. आमच्यातला एकजण म्हणाला, हात धरून साखळी करू, दोन मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या दिवशी त्याची मीटिंग होती. मलाही ते पटलं होतं, हे कबूल करायला आज लाज वाटते. वाटाड्या मात्र एका दगडावर जाऊन बसला आणि म्हणाला, "पानी उतरंल. बसा."

बसलो. दोन तास. पाणी उतरलं, पण तोवर उजेडही उतरला. सहाजणांत दोन मोबाईलच्या टॉर्चवर उरलेलं जंगल काढलं. गावात पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. रेंज मिळून घरी फोन लागला तो नवाला. आईने फोन उचलला आणि काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "जेवलास का?" ती संध्याकाळपासून फोनजवळ बसून होती, हे बायकोने नंतर सांगितलं.

तेव्हापासून माझं मत ठाम झालंय. अशा सहलीच्या नियोजनात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मागे फिरण्याची वेळ, आणि ती घरी बसून ठरवायची. धबधब्यावर ठरवायला गेलं तर ठरत नाही. समोर पाणी असतं, पाय दमलेले असतात, एवढं चालून आलोय तर थोडं बसू असं प्रत्येकालाच वाटत असतं. आणि "चला आता" म्हणणारा माणूस सगळ्यांच्या डोळ्यांत रसभंग करणारा ठरतो. घरीच ठरलेलं असेल तर कोणालाच वाईट व्हावं लागत नाही. घड्याळ वाईट होतं, बस्स.

दुसरं असं, की तिथलं पाणी आपल्याला दिसणाऱ्या आभाळाचं ऐकत नाही. भिऱ्यालाच टाटांचं वीजकेंद्र आहे, १९२७ पासूनचं. मुळशीच्या तलावाचं पाणी डोंगरातून खाली आणून तिथे वीज करतात आणि तेच पाणी पुढे कुंडलिकेत सोडतात. कोलाडचं राफ्टिंग चालतं ते या सोडलेल्या पाण्यावर. त्या पाण्याला निदान वेळापत्रक असतं. देवकुंडच्या वाटेवरच्या ओढ्यांना कोण वेळापत्रक देणार? ताम्हिणीत २५ जुलै २०२४ ला चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुणे शहरात वर्षभरात सरासरी सातशेच्या आसपास पडतो, यावरून काय ते समजा. हे सगळं पाणी कड्यांवरून खाली येतं आणि यायला फार वेळ घेत नाही.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. त्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. रविवारी सगळे मिळून पाण्यात उभं राहणं हे आपण सगळ्यांनीच केलंय. पाणी वाढलं तेव्हा मागे यायला वाट उरली नव्हती, एवढंच. त्या जागी आम्ही सहाजणही असू शकलो असतो. आमच्याकडे दगडावर बसणारा एक माणूस होता, हाच काय तो फरक.

म्हणूनच भर पावसात प्रशासन अशा जागांवर बंदी घालतं तेव्हा मला राग येत नाही. आडवाटेने शिरणाऱ्यांचा येतो. जुलैतला धबधबा घाटातून, गाडी नीट बाजूला लावून, लांबून बघावा. कुंडापाशी जायचं ते ऑक्टोबरात. पाणी भरपूर असतं, पण निवळलेलं असतं. फक्त परतीच्या पावसाचा एक चावटपणा असतो : सकाळ लख्ख आणि दुपारी तीन-चारला ढग भरून गडगडाट. म्हणजे पुन्हा मुद्दा वेळेचाच.

भाच्याचं म्हणणं, "मामा, एवढं घड्याळ लावून गेलं तर मजा काय राहिली? ऑफिस आहे का ते?" त्याचं चूक नाही. मीही त्याच्या वयाचा असताना हेच म्हणालो असतो. पण माझा अनुभव उलटा आहे. २०१६ नंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा वेळ ठरवून. कुंडापाशी मिळालेला तास अगदी निर्धास्त गेला. कारण पुढची काळजी आधीच करून झाली होती.

तर मी यादीत भर घातली ती अशी. आदल्या दिवशी गावात फोन करून वाट चालू आहे का, वर पाऊस झालाय का हे विचारायचं. वाटाड्या घ्यायचाच, आणि तो जिथे थांब म्हणेल तिथे थांबायचं. पुण्याहून ५ ला निघून भिऱ्याला ८, चालायला सुरुवात साडेआठला. चाल भावोजींच्या गुडघ्याच्या हिशोबाने, भाच्याच्या नाही. ११ ते साडेअकराच्या दरम्यान कुंड. साडेबाराला परत. आणि साडेबाराला आपण जिथे असू तिथून परत, मग धबधबा समोर दिसत असला तरी. साडेतीनपर्यंत गावात आलो की पिठलं-भाकरी, ती सकाळीच सांगून ठेवायची. साडेचारला निघालं की घाट उजेडी पार होतो. कुंडात उतरायचं नाही. ओढ्याचं पाणी गढूळ झालं किंवा आवाज बदलला तर ओलांडायचं नाही, बसून राहायचं. त्यासाठी प्रत्येकाकडे टॉर्च, जास्तीचं पाणी आणि थोडं खाणं. चपला बंद, पकड असलेले बूट.

आणि घरी राहणाऱ्या माणसाला सांगून ठेवायचं : सहापर्यंत फोन आला नाही तरी घाबरू नकोस, ओढ्यापाशी बसलो असू. रात्री आठपर्यंतही आला नाही तर गावातल्या या नंबरवर फोन कर. आईला २०१६ साली एवढं एक वाक्य सांगितलं असतं तरी खूप होतं.

'दिसत असला तरी' यावर भाचा अडून बसला होता. दोन दिवस ग्रुपवर शांतता. मग काल ताईचा फोन. म्हणाली, "अरे, तो आजीला विचारून आला, मामाला त्या दिवशी यायला किती उशीर झाला होता म्हणून. आजीने सगळं सांगितलं त्याला."

रात्री ग्रुपवर नवी यादी आली. ट्रायपॉड तसाच आहे. पण सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहिलंय : 'साडेबाराला परत. कुठेही असलो तरी.'

आईने त्यावर अंगठा दिलाय. तिला अंगठा देता येतो हे मला कालच कळलं.