फरसबंद अंगणातला हरित रविवार

सप्टेंबर उजाडला की आपल्या धर्मग्रामांना सृष्टीची आठवण होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 1 सप्टेंबर हा सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थनेचा जागतिक दिवस म्हणून नेमून दिला. त्या दिवसापासून 4 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंत, सृष्टीचा काळ पाळण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. त्यातला एखादा रविवार 'हरित रविवार' म्हणून साजरा होतो. वेदीसमोर कुंड्या मांडल्या जातात, अर्पणाच्या मिरवणुकीत रोपे येतात, धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले हिरवे सदरे घालून गीत गातात, आणि मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एक रोप लावून छायाचित्र काढले जाते. सोहळा देखणा होतो. आमची तक्रार सोहळ्याविरुद्ध नाही. ते एक रोप लावण्यासाठी आवारातले सिमेंटचे चार ठोकळे उपटावे लागतात, आणि ते उपटताना कोणाच्याही मनात काही प्रश्न उभा राहत नाही, ही आमची तक्रार आहे.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, अर्नाळ्यापासून किल्ल्यापर्यंत, कोणत्याही आळीतून एकदा सावकाश चालत जावे. ज्या घरांपुढे पूर्वी सारवलेले खळे होते, क्रुसाभोवती अबोली होती, विहिरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळी पोसल्या जात होत्या, त्या घरांपुढे आज भिंतीपासून फाटकापर्यंत पेव्हर ब्लॉक बसलेले दिसतात. कोणी लाल बसवतो, कोणी करडे, कोणी दोन्हींची नक्षी करतो. घरात लग्न निघाले की पहिला खर्च अंगणावर होतो. पाहुण्यांच्या पायाला चिखल लागू नये, गाडी आत आणता यावी आणि शेजारच्याने बसवले म्हणून आपणही बसवावे, अशी तीन कारणे दिली जातात. यांतले पहिले खरे आहे, दुसरे सोयीचे आहे आणि तिसरेच निर्णायक ठरते.

या ठोकळ्यांखाली काय घडते, ते समजून घेणे आवश्यक आहे. ते बसवण्यापूर्वी जमीन ठोकून घट्ट केली जाते; त्यामुळे फटींतून झिरपणारे थोडेसे पाणीही खाली फारसे उतरत नाही. आपल्या किनाऱ्यावर एका पावसाळ्यात साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या अंगणावर त्या हिशेबाने सुमारे 1 लाख 86 हजार लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर हे अठरा टँकर झाले. सगळे पाणी मुरत नाही, काही वाहून जाते, काहीची वाफ होते, हे मान्य. पण निम्मे मुरले तरी नऊ टँकर पाणी देवाने विनामूल्य दारात आणून ओतले होते. ते आपण पैसे मोजून बसवलेल्या फरशीवरून गटारात घालवले, आणि एप्रिलमध्ये टँकरवाल्याला फोन केला. याला प्रगती म्हणावे की उधळेपणा, हे वाचकांनीच ठरवावे.

वसईच्या बाबतीत प्रश्न केवळ टंचाईचा नाही. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणेचे मुख अशी आपली भूमी तीन बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेली आहे. आपल्या विहिरींतले गोडे पाणी म्हणजे जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगणारा एक थर. गोडे पाणी खाऱ्याहून थोडे हलके असते, म्हणूनच तो थर टिकतो. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन युरोपीय अभियंत्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी किनाऱ्यावरील अशा पाण्याचा एक ठोकताळा मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची जेवढी उंची असते, तिच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत ते खाली खाऱ्याला दाबून धरते. याचा उलटा अर्थ असा की वरची पातळी एक फूट उतरली तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू शकते. हा हिशेब भयंकर आहे. एकीकडे विंधणविहिरींतून उपसा वाढवायचा आणि दुसरीकडे अंगणे बुजवून मुरणे थांबवायचे, म्हणजे वरून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी समुद्राला घरात बोलावणे होय.

आपले पूर्वज भूजलशास्त्र शिकले नव्हते, तरी त्यांना हे उमगले होते. बावखल हे त्याचे साक्षीदार. वाडीच्या कडेला खणलेल्या त्या तळ्यात पावसाचे पाणी साठे, वाडीला पुरे आणि सावकाश झिरपून आसपासच्या विहिरींना जिवंत ठेवी. रहाटाचे लोटे दिवसभर फिरून जेवढे पाणी काढत, तेवढेच निघे. बैलाचा दम संपला की उपसाही थांबे. विजेच्या पंपाला दम लागत नाही, आणि माणसाच्या हावेलाही लागत नाही. आज कितीतरी बावखले मातीने आणि राडारोड्याने बुजली आहेत, आणि उरलेल्यांत प्लास्टिकच्या पिशव्या तरंगत आहेत.

येथे आम्हांला एक अप्रिय प्रश्न विचारायचा आहे. 1990 साली शासनाने वसई-विरार उपप्रदेशाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे सोपवले. त्या काळात आपल्या हिरव्या पट्ट्याच्या रक्षणासाठी लोक रस्त्यावर उतरले. हरित वसई संरक्षण समितीचे काम आणि दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नेतृत्व कोणाला ठाऊक नाही? तो लढा दांडग्यांशी होता आणि त्याला धैर्य लागले. त्या मोर्च्यांत चाललेल्या पिढीची मुले आज घरची कर्ती झाली आहेत. बिल्डरांनी वसई उजाड केली असे ती सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. परंतु आपल्या अंगणातले ठोकळे कोणत्या बिल्डराने बसवले? घरामागचे बावखल बुजवून तेथे वाहनतळ कोणत्या मंत्र्याने केला? शत्रू बाहेर असतो तोवर आपण शूर असतो. तोच उंबरठ्याच्या आत येऊन बसला की आपण त्याला खुर्ची देतो.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: आमच्या एका अंगणाने काय होणार? धूर कारखाने सोडतात, डोंगर खाणवाले फोडतात, आणि उपदेश मात्र गरीब धर्मग्रामस्थांना! या आक्षेपात अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य असल्यामुळेच तो फसवा आहे. मोठ्यांचे पाप मोठेच आहे, आणि त्यांना जाब विचारण्याचे काम थांबता कामा नये. पण भूजलाचा हिशेब कारखान्याच्या धुरासारखा दूरचा नाही. तो आळीपुरता आहे. एका आळीतील तीस घरांनी आपली अंगणे मोकळी केली तर त्याचा लाभ प्रथम त्याच आळीतील विहिरींना होतो. शिवाय 2018 च्या जुलैत वसई-नालासोपारा पाण्याखाली गेले, रेल्वे ठप्प झाली आणि माणसे घरांत अडकून पडली, ते आपण विसरलो काय? वाहून जाणारे पाणी अदृश्य होत नाही. उंचावरच्या घराने मुरू न दिलेले पाणी सखल भागातल्या घरात शिरते, आणि सखल भागात बहुधा गरीबच राहतात. तेव्हा अंगण मोकळे ठेवणे ही शोभेची बाब नाही, ती शेजारधर्माची बाब आहे.

अंगणाचे जे, तेच सणाचे. पालकसंताच्या सणाला हजार माणसे जेवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात जो ढीग दिसतो तो पाहून पालकसंतालाही मान खाली घालावी लागेल. महाराष्ट्रात 2018 च्या मार्चपासून प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांना बंदी झाली. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर आणि सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. कायदा आला आणि पळवाटही आली: कागदाची म्हणून मिळणारी पण आतून प्लास्टिकचा मुलामा दिलेली ताटे. ती कुजत नाहीत, आणि रद्दीवालाही ती घेत नाही. ज्या भूमीत केळीची पाने उदंड, तेथे जेवणावळीसाठी चकाकत्या ताटांचे गठ्ठे विकत आणावेत, यासारखे दारिद्र्य नाही. प्रत्येक धर्मग्रामाने पाचशे स्टीलची ताटे आणि पेले एकदाच घ्यावेत, लग्नाला, बारशाला, सणाला अल्प भाड्याने द्यावेत आणि धुणाऱ्या भगिनींना रास्त मजुरी द्यावी. पूर्वी प्रत्येक आळीची स्वतःची भांडी असत. यात नवे असे काहीच नाही.

नाताळचा गोठा आणि मृत बांधवांचा दिन यांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. जो प्रभू गवतावर जन्मला, त्याच्यासाठी आपण थर्माकोलचे डोंगर आणि प्लास्टिकचे गवत उभारतो आणि त्यांना बक्षिसे देतो. भाताचा पेंढा, नारळीच्या झावळ्या, माती आणि बांबू यांतून गोठे करणारे हात अजून आपल्यात आहेत. परीक्षकांनी त्यांनाच गुण द्यावेत, म्हणजे स्पर्धा आपोआप सुधारेल. 2 नोव्हेंबरला दफनभूमीत जी प्लास्टिकची फुले वाहिली जातात, ती पुढच्या 2 नोव्हेंबरपर्यंत फिकट होऊन पडून राहतात. मरण आणि पुनरुत्थान यांवर श्रद्धा ठेवणाऱ्यांनी न कोमेजणारे खोटे फूल का पसंत करावे, हे आम्हांला उमगत नाही. खरे फूल कोमेजते आणि मातीत मिळते, आणि त्यातच त्याची प्रार्थना असते. फुलशेतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या वसईत तर हे अधिकच लाजिरवाणे आहे.

स्वयंपाकघराविषयी दोनच शब्द. भाजीची देठे, फळांच्या साली, मासळीचे अवशेष आणि उरलेला भात हे सारे पिशवीत कोंबून घंटागाडीत टाकले की ते कचराभूमीवर जाते. तेथे हवा न मिळाल्याने ते सडते आणि त्यातून पेट घेणारा मिथेन वायू निघतो. हेच सारे परसातल्या खड्ड्यात, वर मातीचा किंवा सुक्या पाल्याचा थर देत टाकले, तर तीन-चार महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते. मासळी थोडी खोल पुरावी, म्हणजे मांजरे उकरत नाहीत. इमारतीत राहणाऱ्यांनी झाकणाच्या, भोके पाडलेल्या बादलीत हेच करावे. आपल्या आज्यांना हा उकिरडा ठाऊक होता. नातींना त्याची लाज का वाटावी?

या गोष्टी चर्चच्या कामाबाहेरच्या आहेत, धर्मगुरूंनी आत्म्याकडे पाहावे आणि गटारे महापालिकेकडे सोपवावीत, असे म्हणणारेही भेटतात. त्यांना आम्ही उपासनेकडेच पाहण्याची विनंती करू. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या वर्षभर जपल्या जातात आणि त्यांचीच राख पुढच्या राखेच्या बुधवारी आपल्या कपाळी लागते. ख्रिस्तसभेने आशीर्वादित वस्तू फेकून देण्याचे शिकवले नाही. पाच भाकरींचा चमत्कार करून प्रभूने लोकांना तृप्त केले, आणि लगेच उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करायला लावले. बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या शब्दासरशी भाकरी वाढत होती, त्याला तुकड्यांची पर्वा होती. 2015 सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी प्लास्टिक टाळणे, पाण्याचा वापर कमी करणे, कचरा वेगळा करणे, खाता येईल तेवढेच शिजवणे, झाडे लावणे, नको असलेले दिवे मालवणे अशा साध्या कृती मुद्दाम नावानिशी सांगितल्या आहेत. वैश्विक ख्रिस्तसभेच्या प्रमुखाला दिव्याचे बटण क्षुल्लक वाटले नाही. ते आम्हां-तुम्हांला का वाटावे?

ईस्ट इंडियन बांधवांमध्ये लग्नाच्या पूर्वसंध्येला वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचे पाणी' आणण्याची प्रथा आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ते 'आगेरा' साजरा करतात आणि भाताची नवी कणसे वेदीपाशी आणतात. सृष्टीचा उत्सव आपल्या परंपरेला कोणी बाहेरून शिकवावा लागत नाही, याचे हे पुरावे. पण विहीर खारी झाली आणि शेतात इमारत उभी राहिली, तर वाजंत्री कोठे जाणार आणि कणसे कोठून येणार? प्रथेचे चित्रीकरण करून ठेवल्याने प्रथा जगत नाही. तिला पाणी लागते.

म्हणून आमचे धर्मग्राम मंडळांना आवाहन आहे की येत्या हरित रविवारी रोपांची संख्या मोजू नये. त्याऐवजी चर्चच्या आवारातील फरसबंदीचा निदान एक तृतीयांश भाग काढावा. जेथे गाड्या उभ्या राहतात आणि वृद्धांना व चाकाच्या खुर्चीला वाट लागते, तेवढीच ठेवावी. छपराचे पाणी गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे. गावात एक बावखल शिल्लक असेल तर तरुणमंडळाने त्यातला गाळ मे महिन्यात काढावा, आणि तो वाडीवाल्यांनी खत म्हणून न्यावा. एवढे चर्चने केले की घरे आपोआप करतील, कारण चर्चचे आवार पाहूनच घरोघरी ठोकळे आले, हे आम्ही गावोगाव पाहिले आहे.

आणि घरच्यांनी चर्चची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. एक पहार, एक घमेले आणि एक शनिवारची दुपार एवढेच भांडवल लागते. विहिरीभोवतीच्या पहिल्या चार ओळी काढाव्यात आणि तेथे अळू लावावे. पहिला पाऊस पडेल तेव्हा ओसरीवर बसून पाणी कोठे जाते ते मुलांना दाखवावे.